पत्र्याचं विमान घरी बांधताय? या चुका टाळा

मी विमान बांधतोय ती शेड बघायला गेल्या वर्षभरात सातआठ पोरं येऊन गेली, निपाणी, चिकोडी, खानापूर, एक संकेश्वरहून. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "काका, किती महिन्यात उडेल?" महिन्यात मोजायचं कामच नाही हे. वैमानिक अमोल यादवांचं नाव सगळे घेतात, मुंबईत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियात मांडलं, २०१७ ला डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची नोंदणी मिळाली, हे सगळं तोंडपाठ, पण त्यामागं गेलेली वर्षं कुणी विचारत नाही. आणि मग त्याच त्याच चुका.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो वाकडा बसलेला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायची ठोकून बसवलेली खिळी, काढताना. माझंच सांगतो. शेपटीच्या आडव्या भागाचा मागचा स्पार (आतली मुख्य आडवी पट्टी), रात्रीचे साडेदहा, शेवटचे चार रिव्हेट राहिलेले, घरातून जेवायला दोनदा हाक आलेली. बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या मागं धरायचा ठोकळा, जरा कलला आणि ३.२ मिमीचा रिव्हेट एका बाजूला झोपला. मी ड्रिल घेतला आणि सरळ आरपार घातला. बिट डोक्यावरून घसरला, मग रिव्हेटच बिटासोबत गरागरा फिरायला लागला, काढून बघतो तर भोक लांबट झालेलं. तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण नाही, एक साइज मोठा घालू म्हणून ४ मिमीचं भोक मारलं. आता भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट जागा लागते, म्हणजे ३.२ ला ६.४ आणि ४ ला ८, आणि माझ्याकडे होती साडेसहा. अख्खा स्पार भंगारात. नवीन अमेरिकेहून यायला दोन महिने गेले, आणि तो रिव्हेट तसाच ठेवला असता तरी चाललं असतं हे मला नंतर कळलं.

म्हणून आधी मोजा. ३.२ च्या रिव्हेटचं दाबलेलं डोकं साधारण ४.८ रुंद आणि १.६ उंच पाहिजे, थोडं कमीजास्त असेल, जरा कललं असेल, तर हात लावू नका. रिव्हेट बदलता येतो ओ, भोक बदलता येत नाही. काढायचाच असेल तर कंपनीतून तयार आलेल्या डोक्याकडून काढा, तिथं मधोमध बारीक खळगी असते, बिट त्या खळगीत ठेवून पहिले चारपाच वेढे मी बोटानं फिरवतो, मग हळू ड्रिल, ते पण डोक्याच्या जाडीएवढंच. पिन पंच भोकात घालून डोकं तिरकं करून तोडायचं, मागून पत्र्याला लाकडाचा आधार द्यायचा आणि दांडी हलक्या हातानं ठोकून बाहेर. बिट एक नंबर बारीकच घेतो मी. आणि रात्री नऊनंतर रिव्हेट गन उचलायची नाही, हा माझ्या शेडचा नियम आहे.

बेळगावच्या उद्यमबागला कारखान्यांत लेथवर हात बसलेली माणसं ड्रिलवर वजन टाकतात. ॲल्युमिनियमला वेग जास्त आणि दाब कमी.

हार्डवेअरच्या दुकानातला साडेतीनचा बिट ३.२ च्या रिव्हेटला चालत नाही, कितीही "जवळपासच आहे की" म्हटलं तरी.

पेन्सिलनं खुणा करू नका, शिसातलं ग्राफाईट ॲल्युमिनियम खातं. मार्कर पेन वापरा.

भोकाची बर, म्हणजे ड्रिलनंतर काठाला राहिलेली धारदार कड, काढायची म्हणजे काठ नुसता मऊ करायचा, वाटी कोरायची नाही. हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पोराला हे सांगावंच लागलं नाही, त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "इथं लागालंय."

लोखंडाला वापरलेल्या व्हाईसवर आणि कानशीनं ॲल्युमिनियम घेऊ नका. लोखंडाचा कीस पत्र्यात रुततो आणि पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके.

आता पावसाचंच. पत्र्यावर निळं प्लास्टिक येतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. सगळ्यांना वाटतं शेवटपर्यंत ठेवलं तर पत्रा नवा राहील. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, खानापूरकडं तर विचारूच नका. एका मित्रानं पंखाचे पत्रे तसेच भिंतीला टेकवून ठेवले, दसऱ्याला प्लास्टिक ओढलं तर खाली पांढरी भुकटी आणि किड्यानं कोरल्यासारख्या रेषा. पत्र्याच्या दोन्ही बाजूला शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, आतला मिश्रधातू वाचवायला, तोच खाल्ला गेला होता. नखानं खरवडलं तर खड्डा लागत होता बोटाला. प्लास्टिक आणल्या आठवड्यात काढा. रिव्हेटच्या रेषेपुरतं काढायचं असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक घासून गुळगुळीत करा आणि पट्टीला लावून ओढा, ब्लेड अजिबात नाही, ब्लेडच्या ओरखड्यातून पुढं तडा जातो.

मी आता पत्रे उभे ठेवतो, मध्ये जाड कागद, खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पावसाळाभर शेडमध्ये शंभर वॅटचा एक पिवळा बल्ब दिवसरात्र चालू.