वनस्पतींपासून मिळालेली केमो सुरू होत असेल, तर घरच्यांनी काय करावे

पुण्यात सदाफुली नसलेली गच्ची किंवा सोसायटीचा कोपरा शोधूनही सापडायचा नाही. म्हणूनच आईची केमो ठरली त्याच आठवड्यात मावशीने मला विचारले, 'अरे, केमोची औषधे सदाफुलीचीच असतात ना? मग ताईला रोज सकाळी दोन पाने द्यायला काय हरकत आहे?' मी वर्षानुवर्षे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनौषधी शिकवत आलो आहे. मावशीचा प्रश्न चुकीचा नव्हता, परंतु त्याचे उत्तर ठामपणे 'देऊ नये' असेच आहे, आणि ते का, हे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे.

सर्वांत आधी फाइल उघडून कोणते औषध दिले जाणार आहे ते पाहावे. चिठ्ठीवर बहुधा कंपनीने दिलेले नाव असते. मूळ औषधाचे नाव डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टिन ही सदाफुलीची, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल यू या सूचिपर्णी वृक्षाच्या कुळातली, इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन कॅम्प्टोथेसिन या झाडातून मिळणाऱ्या द्रव्यापासून घडवलेली, तर इटोपोसाइडचे मूळ पोडोफायलम या वनस्पतीत आहे. सिसप्लॅटिनसारखी औषधे मात्र वनस्पतीपासून आलेली नाहीत, तेव्हा सगळ्यांना एकच नियम लावू नये.

आता सदाफुलीविषयी. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे या झाडात मधुमेहावरचे औषध शोधत होते. अर्क टोचलेल्या उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि त्या निरीक्षणातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आले. पानाचा देठ मोडला की ज्यात किंचित पांढरा चीक दिसतो, त्या या झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतिद्रव्ये, आहेत आणि उपयोगाची त्यांतली मोजकीच. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, व्हिन्क्रिस्टीनसाठी त्याहून बरीच जास्त. आणि मोठ्या माणसाला एका वेळी दिले जाणारे व्हिन्क्रिस्टीन सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. याचा अर्थ असा की पानांतून औषधाचा डोस मिळत नाही, मात्र बाकीची विषारी द्रव्ये पोटात जातात आणि केमोने आधीच थकलेल्या शरीराला तीही पचवावी लागतात. काढा करूनही यात फरक पडत नाही.

व्हिन्क्रिस्टीन सुरू असताना पहिल्या दिवसापासून पोट साफ होते आहे की नाही यावर लक्ष ठेवावे, कारण बद्धकोष्ठ हा त्याचा नेहमीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी दिलेले रेचक चार दिवस थांबून सुरू करण्यात अर्थ नसतो. हे औषध फक्त शिरेतून द्यायचे असते. मणक्यात गेले तर ते जीवघेणे ठरते. मुलाला मणक्यातील इंजेक्शनही ठरलेले असेल, तर दोन्ही कधी व कशी दिली जाणार आहेत हे पालकांनी निःसंकोच विचारावे. सुईच्या जागी आग झाली की लगेच नर्सना सांगावे आणि आपल्या मनाने बर्फ लावू नये, कारण सदाफुलीच्या औषधांना तिथे ऊब लागते.

पॅक्लिटॅक्सेलची कथा सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो. १९७१ मध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर त्याची रचना जगापुढे मांडणारे डॉ. मनसुख वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे. पॅसिफिक यूची साल काढली की झाड मरत असे, म्हणून पुढे युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यावर प्रक्रिया करून आणि वनस्पतिपेशी वाढवून औषध तयार होऊ लागले. ते पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे नेहमीच्या इंजेक्शनमध्ये ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रव्यात आणि अल्कोहोलमध्ये मिसळलेले असते. या मिश्रणाची अॅलर्जी पहिल्या एक-दोन डोसांच्या सुरुवातीच्या मिनिटांत येऊ शकते, म्हणूनच आधी स्टेरॉइड आणि अॅलर्जीरोधक औषधे देतात. आईच्या दुसऱ्या डोसच्या आदल्या रात्रीची गोळी द्यायला मी विसरलो होतो. सकाळी सलाईन लागण्याआधी ते सांगून टाकले, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन, थोडे थांबून मग औषध सुरू केले. अशी चूक लपवू नये. पहिली पंधरा मिनिटे पेशंटजवळच बसावे. चेहरा लाल होणे, छाती आवळणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले की तत्काळ हाक मारावी. परतताना पेशंटने दुचाकी चालवू नये.

ही औषधे पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणाऱ्या सूक्ष्म धाग्यांवर काम करतात: सदाफुलीची औषधे ते विणू देत नाहीत, पॅक्लिटॅक्सेल ते उसवू देत नाही. तसलेच धागे मज्जातंतूंतही असल्यामुळे बोटे बधिर होतात. 'मुंग्या येतात का?' असे विचारल्यावर आई 'नाही रे' म्हणायची. मग मी दर रविवारी तिच्या हाती सुई-दोरा देऊ लागलो. तिसऱ्या डोसनंतर तिला दोरा ओवता येईना, ब्लाउजची हुकेही लागेनात. वहीत तारखेसह लिहिलेली तेवढी नोंद पाहून डॉक्टरांनी डोस कमी केला.

कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये चिनी वृक्षातून मिळाले, आणि १९७२ मध्ये ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले. त्यानंतर या झाडांची जी बेसुमार तोड झाली ती मला फार सलते. इरिनोटेकॅनमुळे औषध देतानाच किंवा काही दिवसांनी जुलाब होऊ शकतात. उशिरा होणारे अधिक धोक्याचे, म्हणून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आधीच घरी आणून पहिल्या पातळ शौचालाच सांगितल्याप्रमाणे सुरू कराव्यात आणि ओआरएस देत राहावे.

काष्ठौषधींच्या दुकानातली चूर्णे, ग्रेपफ्रूटचा रस, बुरशीवरच्या गोळ्या, सगळे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. यकृतात या औषधांचा निचरा करणारी विकरे (एन्झाइम) अशा गोष्टींमुळे अडली, तर ठरलेला डोसही जास्त होतो.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये, रात्री दोन वाजतासुद्धा रुग्णालयात जावे. तुम्ही पेठांत राहत असाल आणि केमो गणपतीच्या दिवसांत येत असेल, तर कोणते रस्ते बंद आहेत आणि गाडी कुठवर येईल हे आधीच पाहून ठेवावे, आणि तो मार्ग रुग्णालयाच्या फोन नंबरसह वहीच्या त्याच पहिल्या पानावर लिहावा.