लाल चावरी मुंगी: या चुका टाळा

वारूळ दिसलं की औषधाचा डबा उचलायचा, ही सवय आधी सोडा. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीशेजारी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो. शेतकरी त्यात बादलीभर क्लोरपायरीफॉस ओततो, मेलेल्या मुंग्या बघून खूश होतो. आठ दिवसांनी चार फुटांवर नवा ढीग! मेल्या त्या वरच्या कामकरी. राणी खाली खोल असते. हादरा बसला की उरलेल्या मुंग्या राणीला घेऊन बिऱ्हाड हलवतात. राण्या जास्त असतील तर एकाची दोन वारुळं होतात. रॉकेल ओतलं तरी तेच, वर जमीन नासते.

राणीपर्यंत विष पोचवायचं काम कामकरी मुंग्यांनाच करू द्या. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही. ती कण वारुळातल्या मोठ्या अळीला, म्हणजे मुंगीच्याच पिल्लाला, भरवते, अळी ते पचवून पातळ करते आणि तोच रस राणीच्या तोंडी जातो. म्हणून हळू मारणारं तेलकट आमिष लागतं, हायड्रामेथिलनॉन किंवा पायरिप्रॉक्सिफेनचं. लेबलावर तुमचं पीक आहे का, तेवढं बघा. दुसऱ्याच्या फवाऱ्याने दोन दिवसांत मुंग्या मेल्या म्हणून अधीर होऊन आमिषावरच फवारा मारणाऱ्यांचे पैसे मातीत जातात. पायरिप्रॉक्सिफेनला तर आठवडे लागतात, कारण ते असलेल्या मुंग्यांना मारत नाही, नव्या होऊ देत नाही.

आमिष वारुळावर ओतू नका, भोवती तीन-चार फुटांवर विखरा. आधी शेवेचे दोन तुकडे ठेवून बघा. अर्ध्या तासात मुंग्या लागल्या तरच आमिष टाका. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी जमीन भाजते, मुंगी बाहेर येत नाही, तेव्हा ऊन उतरल्यावर टाका. नंतर 24 तास ठिबक बंद. गेल्या वर्षीचं उघडं पाकीट फेकून द्या, खवट तेलाला मुंगी तोंड लावत नाही.

पाणी भरून बुडवायचा प्रयत्न करू नका. मुंग्या एकमेकींना धरून, अळ्यांसकट तराफा करून तरंगत बांधावर जातात.

आंब्यावर पानं जोडून घर करणारी लाल मुंगी वेगळी. ती किडी खाते, तिला हात लावू नका. आपली मुंगी जमिनीत राहते. एकाच वारुळात लहान-मोठ्या आकाराच्या मुंग्या दिसतात, मोठीचं डोकं रुंद, चौकोनी. ती बी फोडते.

दुसरी मोठी चूक बागेबाहेर होते: कुठलीही माती आणि केळीचे मुनवे, म्हणजे लागवडीचे कंद, डोळे झाकून आणायचे. ही मुंगी, सोलेनोप्सिस जेमिनाटा, मूळची अमेरिका खंडातली. 16व्या शतकात ती मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपीन्सच्या मनिलाला जाणाऱ्या जहाजांतून आशियात आली. तिची बहीण-जात इन्विक्टा 1930च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून यूएसएच्या अलाबामातल्या मोबाईल नावाच्या बंदरात उतरली आणि पुढे रोपवाटिकांच्या मातीतून पसरली. आपल्याकडे हेच काम ट्रॉली करते. मुनवे भरण्याआधी कंदावरची माती झटका, मुळांत मुंग्या फिरताना दिसल्या तर तो कंद परत करा. शेणखताचा ढीग उचलण्याआधी खालून उकरून बघा. पाऊस पडल्यावर पंख असलेल्या राण्या उडतात, फळून खाली उतरतात आणि मऊ माती शोधतात, त्यामुळे जूनमध्ये उघडा पडलेला ढीग त्यांच्या पायाशीच असतो.

डंखाचा फोड फोडू नका. चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना गाठा.