हृदयाची गोळी सुरू झाली की साखरेवर लक्ष असं ठेवा

बाबा इन्सुलिन घेतात. मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंदावणारी, ‘बीटा ब्लॉकर’ गटातली गोळी) सुरू झालं आणि साखर उतरल्याची त्यांची ओळखीची खूण, हातांची थरथर, दिसेनाशी झाली. एका दुपारी ते नुसते गप्प बसले होते. मानेवर हात ठेवला तर घामाने चिंब. मीटरवर ५८!

बीटा ब्लॉकर धडधड, थरथर झाकतात. घाम सहसा झाकत नाहीत. म्हणून घाम दिसला की आधी बोट टोचून तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

थायाझाइड (लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी), स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) यांनी उलट साखर थोडी वाढू शकते. गोळी बदलली ती तारीख साखरेच्या वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून गोळी मात्र कधीच बंद करू नका. बीटा ब्लॉकर तर अजिबात नाही.