पीएस४ ची हार्डडिस्क बदलताना आधी सेव्ह सांभाळा

आमचा पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल, जुन्या, जाड मॉडेलचा, आतली डिस्क ५०० जीबी. नवा गेम टाकायचा म्हटलं की आधी कुठला उडवायचा यावरून धाकट्या बहिणीशी वाद ठरलेला. शेवटी १ टीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) आणली. ती म्हणाली, "दादा, माझं करिअर गेलं तर बघ हं!" फुटबॉलच्या गेममधलं तिचं तीन वर्षांचं करिअर त्या डिस्कवर होतं. म्हणून स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून मी बॅकअपपासून सुरुवात केली. तुम्हीही तसंच करा. डिस्क बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, गेलेला सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, मात्र परत येत नाही.

जुनी डिस्क कॉम्प्युटरला लावून फाइली कॉपी करू, असा विचार असेल तर तो सोडा. कन्सोल त्या एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात ठेवतो, कॉम्प्युटरला काही वाचता येत नाही. एक्सफॅट किंवा फॅट३२ फॉरमॅटची यूएसबी डिस्क कन्सोललाच लावा आणि सेटिंग्ज, सिस्टिम, बॅक अप अँड रिस्टोअर या वाटेने जा. गेम वगळून फक्त सेव्ह आणि स्क्रीनशॉट घेतले तर काम लवकर उरकतं. मी सगळंच घेतलं, रात्रभर चालू होतं. बॅकअपमध्ये ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) येत नाहीत, त्या आधी ऑनलाइन सिंक करून घ्या. आमच्याकडे वीज कधीही जाते, त्यामुळे टीव्ही सोडून फक्त कन्सोल इन्व्हर्टरवर घेतला होता.

डिस्क घेताना अडीच इंची साटाच (हा जोडणीचा प्रकार) घ्या, जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बहुतेक एसएसडी सात मिलिमीटरच्या असतात, त्या आरामात बसतात.

आता पेन ड्राइव्ह. नवी डिस्क रिकामी असते, तिच्यावर कन्सोलची सिस्टिम टाकायला तो लागतो. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पीएस४' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' नावाचा फोल्डर आणि त्यात प्लेस्टेशनच्या साइटवरून उतरवलेली सिस्टिमची फाइल. इथे मी फसलो होतो. साइटवर दोन फाइली असतात आणि दोन्हींचं नाव तंतोतंत सारखं. आपल्याला साधी अपडेटची फाइल नको, रीइन्स्टॉलची हवी. ती जवळजवळ दुप्पट मोठी, १ जीबीच्या आसपास असते. नाव बघू नका, आकार बघा.

कन्सोल पूर्ण बंद करा, रेस्ट मोडवर (अर्धवट झोपेत) ठेवू नका, आणि सगळ्या वायरी काढा. वरच्या झाकणाचा डावीकडचा भाग अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला सरकवा, तो निघतो. खाली त्रिकोण, गोल, फुली, चौकोन कोरलेला एकच स्क्रू दिसेल. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (आपल्याकडे बरेच जण त्याला स्टार म्हणतात) नीट बसेल असाच घ्या, नाहीतर स्क्रूचं तोंड झिजतं. स्क्रू काढला की डिस्कचा लोखंडी ट्रे आपल्याकडे ओढा. ट्रेला चार स्क्रू आणि त्यांच्याभोवती रबरी बुचं असतात, ती हरवू देऊ नका. मी सगळे स्क्रू चहाच्या बशीत ठेवले होते. नवी डिस्क त्याच दिशेने बसवा आणि ट्रे आत सरकवा. स्क्रू बेताने आवळा, जोर नको. हे सगळं करायला सोनीच्या मॅन्युअलमध्येच मुभा आहे, वॉरंटीच्या सीलला हात लावावा लागत नाही.

पेन ड्राइव्ह लावा, पॉवरचं बटण दाबून धरा. सातेक सेकंदांनी दुसरी बीप ऐकू आली की सोडा, सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू येतो. कंट्रोलर वायरने जोडावा लागतो. माझा अर्धा तास इथेच गेला, कारण हाताशी होती ती पॉवर बँकेची, नुसत्या चार्जिंगची वायर. डेटा जाणारी वायर लावल्याबरोबर कंट्रोलर चालू झाला. मग सातवा पर्याय निवडा, म्हणजे सिस्टिम सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याचा. इन्स्टॉल झालं की बॅकअपची डिस्क लावून सेटिंग्जमधल्या त्याच बॅक अप अँड रिस्टोअर मेनूतून रिस्टोअर करा.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. काही अडलं तर तीच परत बसवून कन्सोल पूर्वीसारखा चालू करता येतो. मी तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवली. बहिणीने पंधरा दिवसांत एकेक गेम उघडून पाहिला, करिअरमधला शेवटचा सामनाही जागेवर होता. मग ती जुनी डिस्क यूएसबी ३.० च्या केसिंगमध्ये घालून कन्सोललाच जादा स्टोरेज म्हणून लावली.