तेल-वायू कंपनी विकत घेण्यापूर्वी साठ्याचा अहवाल कसा वाचावा

नाशिकच्या परिसरात काळ्या कातळाखाली तेलविहीर कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे येथे वाणिज्य शिकलेल्या मुलांना हे क्षेत्र परके वाटते. मी त्याच वाटेने या मूल्यांकनात आलो. नवख्यांनी प्रथम हे लक्षात घ्यावे की जमिनीखालच्या एकूण तेलापैकी जे उपलब्ध तंत्राने आणि गृहीत धरलेल्या भावाने फायद्यात काढता येईल, तेवढेच साठ्यात मोजले जाते. भाव कोसळला, तर खडक तोच राहूनही साठा आटतो.

विक्रेता बहुधा थ्री-पीचा, म्हणजे सिद्ध, संभाव्य आणि शक्य अशा तिन्ही वर्गांच्या साठ्याच्या बेरजेचा आकडा पुढे करतो; तेवढे तेल प्रत्यक्षात निघण्याची शक्यता जेमतेम १० टक्के असते. टू-पीची (सिद्ध अधिक संभाव्य) ५० टक्के आणि वन-पीची (फक्त सिद्ध) किमान ९० टक्के धरली जाते. त्यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की वन-पीतले किती तेल आज चालू असलेल्या विहिरींतून येणार आहे आणि किती अजून न खोदलेल्या विहिरींतून. दुसऱ्या हिश्श्यासाठी लागणारा खर्च खरेदीदाराच्याच खिशातून जातो, म्हणून घडांनी लगडलेली बाग पाहून सौदा करणाऱ्या द्राक्ष व्यापाऱ्याइतकी सावधगिरी येथेही हवी. अमेरिकी नियमांनुसार अशा विहिरी साधारणतः पाच वर्षांत खोदण्याचा आराखडा असावा लागतो. तो कागदावरच राहिला आहे का, हे मागील वर्षांच्या अहवालांवरून पडताळता येते.

२००४ मध्ये शेल कंपनीने सुमारे ३.९ अब्ज बॅरल, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, सिद्ध साठ्यातून वगळला. तेल कुठेही गेले नव्हते, फक्त त्याचा वर्ग बदलला होता; तरी अध्यक्षांना पद सोडावे लागले. ओएनजीसी विदेशने २००९ मध्ये सायबेरियातील इम्पिरियल एनर्जी ही तेल कंपनी विकत घेतली, त्यानंतर उत्पादन अंदाजाच्या बरेच खाली राहिले आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले.

म्हणून मी अहवालाआधी विहीरनिहाय मासिक उत्पादनाचे आकडे मागवतो. घसरणीचा आलेख आणि तेलासोबत येणाऱ्या पाण्याचे वाढते प्रमाण, या दोन गोष्टी सुबक सादरीकरणापेक्षा जास्त बोलतात. वायूचे सहा हजार घनफूट ऊर्जेच्या हिशेबाने एक बॅरल धरतात, परंतु बाजारात त्यांची किंमत क्वचितच सारखी असते, म्हणून दोन्हींचा महसूल वेगळा काढावा. शेवटी विहिरी बंद करण्याचा खर्च तपासावा; तो वर्षानुवर्षे पुढे ढकललेला असेल, तर किमतीतून वजा करूनच बोलणीस बसावे.