पर्यावरणाचा प्रश्न सगळ्या बाजूंनी कसा अभ्यासायचा

शाश्वत विकासावर काही लिहायचं म्हटलं की बरेच जण १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली (संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा अहवाल) व्याख्या टाकतात, खाली १७ एसडीजी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची ध्येयं, उतरवतात आणि मोकळे होतात, पण त्यातून प्रश्न काही कळत नाही. मी करतो ती पद्धत सांगतो.

आधी विषय नको, एक निर्णय निवडा. नुसतं "जलसंकट" घेतलंत तर भरकटाल, त्याऐवजी "या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवायचं का" असं लिहा. मध्य आशियातल्या अरल समुद्राचं, म्हणजे तिथल्या मोठ्या खाऱ्या सरोवराचं, हेच झालं. १९६० पासून सोव्हिएत सरकारने त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांनी शेतीकडे वळवलं. इंजिनिअरच्या वहीत पाणी शेतात पोचलं, शेतीच्या आकड्यात कापूस वाढला, आणि तेवढंच बघितलं तर योजना चांगलीच वाटते! मग जीवशास्त्र बघा, पाणी आटलं तसा खारटपणा वाढला आणि मासे मेले. आरोग्याचं बघा, उघड्या पडलेल्या तळावरची मीठ आणि कीटकनाशकं मिसळलेली धूळ वाऱ्याबरोबर लोकांच्या घरात. उझबेकिस्तानातलं मोयनाक हे एकेकाळी अरलवरचं बंदर होतं, तिथल्या बोटी आता गंजून वाळूत उभ्या आहेत.

आता कारभाराकडे या, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठरवलं कोणी, फायदा कोणाला, झळ कोणाला, आणि झळ बसणाऱ्याला कोणी विचारलं होतं का, हे चारही प्रश्न नावगावासकट लिहा. मग नकाशावर नदीचं खोरं एका रंगाने आणि सरकारी हद्दी दुसऱ्या रंगाने काढा, जिथे रेषा जुळत नाहीत तिथेच भांडण असतं. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटून अरलच्या नद्यांचं खोरं नव्या देशांमध्ये विभागलं गेलं तेव्हा तेच झालं. कझाकस्तानात २००५ ला कोक-अरल धरण झालं, अरलच्या उत्तरेकडच्या भागातलं पाणी वाढलं, मासेही परत आले, दक्षिणेचा भाग मात्र आटतच गेला.

पैशाचा हिशोब वाचताना डिस्काउंट रेट शोधा, म्हणजे भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढताना दरवर्षी किती टक्के कमी धरलेत ते. ५ टक्के धरला तर ५० वर्षांनी होणारं १०० चं नुकसान आज जेमतेम ९ दिसतं, म्हणजे नातवंडांचं नुकसान कागदावर जवळपास गायबच होतं.

आणि वेगवेगळ्या अभ्यासशाखांचं एकमत होत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका, मतभेद तसाच लिहा. १९६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने म्हटलं की सामायिक कुरण शेवटी उजाड होणारच, पण राज्यशास्त्रातल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी लोक प्रत्यक्षात कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी कसं सांभाळतात ते तपासलं आणि दाखवलं की लोक स्वतः नियम करून ते पिढ्यानपिढ्या टिकवू शकतात, त्यासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

लिहून झालं की दुसऱ्या विषयातल्या माणसाला वाचायला द्या, तो ज्या शब्दावर अडेल तो शब्द आधी सोडवा.