पंप फिरतोय, पण कॉस्टिक आहे का?

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं केमिकल प्लांटच्या शिफ्ट केल्या. सकाळी दांडिया बाजारात घरी पोचलो की बायको शर्ट नाकापासून लांब धरून विचारायची, "आज थायोनिल होतं वाटतं?" तिचं कधी चुकलं नाही.

थायोनिल म्हणजे थायोनिल क्लोराइड, आम्लाचं आम्लक्लोराइड करायला वापरतात ते द्रव. त्याच्या बॅचमधून दोन वायू निघतात, हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड. ते चिमणीपर्यंत जाऊ द्यायचे नसतील तर स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुऊन काढणाऱ्या टॉवरमध्ये, धरावे लागतात. त्यासाठी आधी कागद-पेन्सिल घ्या. कार्बोक्सिलिक आम्लाचं आम्लक्लोराइड करताना ११९ किलो थायोनिल लागलं, तर साधारण ३६.५ किलो पहिला आणि ६४ किलो दुसरा वायू सुटतो. दोन्ही कॉस्टिकमध्येच (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) धरायचे तर १२० किलो कॉस्टिक हवं. किलो थायोनिलला किलो कॉस्टिक, असं लक्षात ठेवा. जादा घातलेलं थायोनिल शेवटी पाण्यात विझवणार असाल, तर त्याचा हिशेब वेगळा आणि जास्तीचा.

खर्च वाचवायचा तर पहिल्या टॉवरला नुसतं पाणी फिरवा. हायड्रोजन क्लोराइड त्यात झटकन विरघळतो. सल्फर डायऑक्साइड बराचसा पुढे निसटतो, त्याच्यासाठी दुसरा टॉवर कॉस्टिकचा.

एका रात्री आमचा पंप मस्त फिरत होता, लॉगशीटवर बरोबरच्या खुणा होत्या, आणि बाहेर चहावाला खोकत होता. टाकीतलं कॉस्टिक कधीच संपलेलं. तेव्हापासून थायोनिल चालू असेपर्यंत दर अर्ध्या तासाला पीएच मी स्वतः बघायचो. नऊच्या खाली घसरायला लागला की टाकी बदलायची, सातची वाट बघायची नाही.

टॉवरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक दाखवणाऱ्या यू-ट्यूब मॅनोमीटरकडेही नजर हवी. फरक चढत चालला तर पॅकिंगमध्ये, म्हणजे टॉवरमध्ये भरलेल्या तुकड्यांमध्ये, मीठ बसतंय. थंडीत सल्फाइटचे खडे लवकर धरतात. अचानक पडला तर पंप, नाहीतर ब्लोअर बघा. पंप बंद पडला की थायोनिलचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झालाच पाहिजे. हा इंटरलॉक कोणी 'तात्पुरता' बायपास केला, तर बॅच सुरू करू नका.

अमोनियाची लाइन या स्क्रबरला जोडायची नाही. अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर होतो, त्याचे कण इतके बारीक की पॅकिंगमधून सरळ निघून जातात.

आणि वापरलेलं कॉस्टिक ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटमधल्या) आम्लाच्या पाण्यात ओतू नका. रात्रभर धरून ठेवलेला सल्फर डायऑक्साइड तिथून परत वर येतो, माणसाच्या नाकाच्या उंचीवर.